साखळ्या काढलेला गवतकाप्या

मित्रांनो, मी एक जुना गवतकाप्या आहे आणि माझ्यामुळे एका बाईचा डोळा गेला आहे. हे मी आधीच सांगून टाकतो. माझ्यासारखी यंत्रं आपली कहाणी सांगायला बसली की आधी आपल्या कष्टांचं कौतुक करतात, मग मालकाने कसं अडगळीत टाकलं ते सांगून ऐकणाऱ्याला रडवतात. माझी कीव यावी असं माझ्या बाबतीत काही घडलेलं नाही. उलट मलाच गेली कित्येक वर्षं मनात खात राहिलं आहे आणि ते कोणापुढे तरी मोकळं करावं म्हणून आज तुम्हाला बसवून घेतलं आहे.

तुम्ही मला रोज पाहता. शाळेच्या पाण्याच्या टाकीमागे पत्र्याची शेड आहे, तिथे मोडक्या बाकांशेजारी मी उभा असतो. पावसाळ्यात मैदानावर गवत वाढलं की मला ट्रॅक्टरच्या मागे जोडतात, मी गरगर फिरत गवत कापत जातो आणि तुम्ही व्हरांड्यात उभे राहून टाळ्या वाजवता. तुमच्या टाळ्या ऐकल्या की मला कानकोंडं होतं. ज्याच्यासाठी तुम्ही टाळ्या वाजवता तो कोण आहे, हे तुम्हाला ठाऊक असायला हवं.

मी दिसायला काही देखणा नाही. एक मोठी लोखंडी परात उपडी घातली आहे असं समजा. परातीच्या पोटात दोन धारदार पाती, पाठीवर दोरी ओढून चालू करायचं इंजिन, खाली दोन चाकं आणि पुढे ट्रॅक्टरला अडकवायचा लांब दांडा. माझी पाती इतक्या जोराने फिरतात की गवतात एखादा खडा आला तर तो गोफणीतून सुटावा तसा सुटतो. म्हणून ज्यांनी मला बनवलं त्यांनी परातीच्या मागच्या अंगाला साखळ्यांचा पडदा टांगला होता. अठ्ठावीस साखळ्या, एकीला एक लागून. खडा उडाला तर साखळीवर आपटायचा आणि तिथल्या तिथे खाली पडायचा. माझ्या सगळ्या भागांमध्ये हा पडदाच तेवढा दुसऱ्यांसाठी होता. बाकी सगळं गवतासाठी.

सन १९९५ मध्ये मी शिरूर तालुक्यातल्या एका नव्या कारखान्यात आलो. तेव्हा तिकडे माळरानावर भराभर कारखाने उभे राहत होते. आमच्या कारखान्यापुढे दोन एकर हिरवळ होती आणि ती राखायला मारुतराव नावाचे माळी होते. अंगात कंपनीचा खाकी गणवेश, पण चालणं-बोलणं सगळं शेतकऱ्याचं. मला हिरवळीवर आणण्याआधी मारुतराव पायातले बूट काढून ठेवायचे आणि अख्ख्या हिरवळीवर अनवाणी चालून यायचे. वाटेत खडा, खिळा, बाटलीचं झाकण, जे लागेल ते उचलून खिशात टाकायचे.

एकदा साहेबांनी त्यांना हटकलं. "मारुतराव, बूट कंपनीने कशाला दिलेत?"

"सायेब, गवतातला खडा डोळ्याला दिसत न्हाई, पायाला लागतो," मारुतराव म्हणाले आणि पुढे चालू लागले.

मला तेव्हा त्यांचा कंटाळा यायचा. मी तरणाबांड, इंजिन कसं टुणटुणीत, आणि हा माणूस अर्धी सकाळ चालण्यात घालवतोय! पाहुणे गाडीतून उतरले की हिरवळ बघून 'वा' म्हणायचे आणि मी ती 'वा' एकट्याने गिळून टाकायचो. सहा वर्षांत माझ्या हातून कोणाला खरचटलंसुद्धा नाही. हे श्रेय मारुतरावांच्या अनवाणी पायांचं आणि त्या अठ्ठावीस साखळ्यांचं, हे मला कळायला फार उशीर झाला.

२००१ साली कारखान्याने बागेचं काम ठेकेदाराला दिलं. त्याच्याकडे स्वतःची नवी यंत्रं होती. मग मला दोन मोडके पंप आणि एका गंजलेल्या कपाटासोबत दाराशी विकायला उभं केलं. गिऱ्हाईक येईना. दहाव्या-बाराव्या दिवशी लाल पागोटं बांधलेले, खांद्यावर घोंगडी टाकलेले एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांना सगळे आबा म्हणत. सोबत त्यांचा मुलगा शंभू होता. आबा दौंड तालुक्यातल्या भांडगावचे. जन्म मेंढरांमागे फिरण्यात गेला होता, आता काही वर्षांपासून एका जागी राहून शेती करत होते. मेंढा घेताना त्याचा जबडा उघडून दात बघतात ना, तसं त्यांनी मला एका अंगावर उचलायला लावलं आणि वाकून माझी पाती पाहिली. पाठीवर थाप मारली. इंजिन चालू करायला लावून कान देऊन ऐकलं.

"वय हाय ह्याचं," ते शंभूला म्हणाले, "पर अंगात दम हाय."

भाव ठरला. मला टेंपोत चढवताना मारुतराव मुद्दाम जवळ आले. त्यांनी माझ्या मागच्या साखळ्यांवरून हात फिरवला.

"आबा, बाकी काय बी बदल करा. पर ह्या साखळ्या काढू नका."

"न्हाई काढत," आबा म्हणाले.

मित्रांनो, हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

भीमा ओलांडून, चौफुल्यावरून वळून आम्ही भांडगावला पोचलो. आबांचं रान कालव्याच्या पाण्यावर भिजायचं. घरात आबा, शंभू आणि शंभूची बायको म्हाळसा. दावणीला पाच म्हशी, शिवाय जुन्या कळपातली उरलेली सहा-सात मेंढरं. एवढ्या जनावरांसाठी एकरभर लसूणघास केला होता, आणि तो घास रोज सकाळी म्हाळसा विळ्याने कापायची. उकिडवं बसून, सरकत सरकत, दोन-दोन तास. कापून झालं की कंबर धरून उठायची. तिला वरवंडच्या शिवणवर्गात जायचं होतं, पण घासातून वेळच मिळत नव्हता. आबांनी हे पाहिलं होतं. मला त्यांनी म्हाळसासाठी आणलं होतं. माझ्या अपराधाची ही बाजू मला सगळ्यात जड जाते. मी त्या घरात एका सासऱ्याच्या मायेपोटी आलो होतो.

पहिल्या दिवशी माझी फजिती झाली. मी बोटभर गवताच्या हिरवळीवर वाढलेला, आणि घास गुडघ्याच्या वर. पुढच्या पत्र्यात तो शिरेना, आणि जेवढा शिरला तेवढा मागे साखळ्यांत गुंतून त्याचे गोळे झाले. दहा पावलांवर मी बंद पडलो. शेजारच्या रानातून कोणीतरी मोठ्याने हसलं. शंभूचा चेहरा उतरला, आणि माझी तर लाजेने मान खाली.

मग मला दौंडला नेलं. तिथे स्टेशनच्या पलीकडच्या बाजूला सत्यजीतचं वेल्डिंगचं दुकान होतं. सत्यजीत हुशार कारागीर. मोडलेले नांगर, ट्रॉल्या, विहिरीचे रहाट, काहीही त्याच्यापुढे टाका, तो त्याला उभं करायचा. त्याने माझी लहान चाकं काढून रिक्षाची जुनी चाकं बसवली, त्यामुळे मी वीतभर उंच झालो. पुढचा पत्रा कापून घासाला आत यायला वाट केली. मग तो मागे आला आणि साखळ्या हातात धरून उभा राहिला.

"आबा, घास अडकतोय तो ह्यांच्यात. काढू का?"

आबांनी एक साखळी हातात घेऊन पाहिली. "त्या कारखान्याच्या माळ्यानं काढू नका म्हणून सांगितलंय."

"त्यांचं लॉन व्हतं. सायेब लोक हिंडणार. तुमच्या रानात कोण येतंय? दगड-बिगड हायेत का?"

"आमच्या रानात?" आबांना ते लागलं. "पोटच्या पोरागत वेचलंय रान. सुपारीएवढा दगड घावला तर मिशी काढून दीन."

"मग काढू?"

"काढ."

सत्यजीतने छिन्नी लावली आणि अठ्ठावीस साखळ्या खाली पडल्या. मला त्या वेळी काय वाटलं ते सांगतो, कारण सगळं सांगायचं ठरवलं आहे. मला बरं वाटलं. पाठीवरचं ओझं गेल्यासारखं हलकं वाटलं. मी मनात म्हणालो, सुटलो बुवा एकदाचा!

त्यानंतरचं वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुखाचं वर्ष. दोन तासांचं काम मी अर्ध्या तासात करू लागलो. शंभू ट्रॅक्टर चालवायचा, मी घास कापून मागे टाकत जायचो आणि म्हाळसा दंताळ्याने तो ओढून ढीग करायची. ती माझ्या अगदी मागे चालायची. त्या घरातल्या बायका पिढ्यान् पिढ्या कळपामागून चालत आलेल्या. पुढच्याच्या पावलाला पाऊल लावून चालायची त्यांना सवयच. लांब राहा, असं तिला कोणी म्हटलं नाही, आणि तिलाही वाटलं नाही.

तिने माझं नाव भावजी ठेवलं होतं. शंभूला भाऊ नव्हता, म्हणून मीच तिचा दीर. सकाळी शंभूला विचारायची, "भावजींना डिझेल पाजलं का?" दसऱ्याला घरातल्या अवजारांची पूजा झाली तेव्हा तिने माझ्या दांड्यावर भंडारा टाकला, झेंडूची माळ घातली आणि म्हणाली, "भावजी, तुमच्यामुळं मी ह्या वर्साला सदरा शिवायला शिकले." तो निळा सदरा शंभूच्या अंगात होता. एक बाही दुसरीपेक्षा जरा लांब झाली होती, तरी शंभू तो मिरवत होता.

आता रानातल्या दगडांबद्दल सांगतो. आबांनी रान वेचलं होतं हे अगदी खरं. सगळ्या घराने मिळून दोन उन्हाळे खडा न् खडा उचलून बांधावर टाकला होता. पण रानाच्या एका कोपऱ्यात तीन दगड तसेच होते. आबांच्या आई, धुरपदाबाई, यांच्या चुलीचे. कळप घेऊन फिरताना त्या कुटुंबाचा शेवटचा मुक्काम त्या जागी पडला होता. धुरपदाबाईंनी तिथे तीन दगड मांडून भाकऱ्या भाजल्या, आणि त्यानंतर त्यांना चालवेना, म्हणून सगळे तिथेच राहिले. मुक्काम हलवताना चुलीचे दगड उचलायचे नाहीत, ज्यांच्यावर भाकरी खाल्ली ते लाथाडायचे नाहीत, अशी त्या घराची रीत होती. म्हणून रान वेचताना त्या तिघांना कोणी हात लावला नाही. इतकंच नव्हे, ते दगड आहेत असं कोणाच्या मनातसुद्धा आलं नाही. ती आईची चूल होती.

पुढच्या वर्षी आबांनी घास वाढवला. तो त्या कोपऱ्यापर्यंत गेला. पेरायच्या आधी शंभू म्हणाला होता, "आबा, आजीची चूल घराकडं न्यायची का? तिथं दारापुढं मांडू."

"जित्ती व्हती तवा हालली न्हाई तिथनं. आता कशाला हालवतो?" आबा म्हणाले. "तू ट्रॅक्टर लांबनं वळव म्हंजी झालं."

शंभू लांबून वळवायचा. पण दिवाळीनंतर कालव्याला पाणी आलं, पाट फुटला आणि तो कोपरा सगळा भिजला. माती खचली. तिघांतला एक दगड कलंडला आणि दोन हात पुढे घासात जाऊन पडला. वरून हिरवागार घास. कोणाला दिसणार? अनवाणी कोणी चाललं असतं तर पायाला लागला असता. आम्ही तसे चालत नव्हतो.

पुढचं मी लवकर सांगतो. मला ते रेंगाळत सांगता येत नाही. सकाळची वेळ होती. माझ्या पात्याला दगडाची कड लागली. मी थरारलो, खण् असा आवाज झाला, आणि दगडाची एक कपची माझ्या मागून सुटली. तिला अडवायला मागे काही नव्हतं. म्हाळसा चार पावलांवर होती. दंताळं हातातून सुटलं आणि ती खाली बसली. शंभूने मागे वळून पाहिलं तेव्हा तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं आणि बोटांतून रक्त येत होतं.

दौंडला नेलं, तिथून पुण्याला. डॉक्टरांनी पुष्कळ केलं, पण डावा डोळा वाचला नाही.

म्हाळसा घरी आली तेव्हा भेटायला माणसांची रीघ लागली. जो तो म्हणायचा, जिवावरचं डोळ्यावर निभावलं. कोणी म्हणायचं, नशिबात होतं. आबाही मान हलवून म्हणायचे, "नशिबाचा खेळ, दुसरं काय." मी समोरच्या लिंबाखाली उभा राहून हे ऐकत होतो. मला वाटायचं, कोणीतरी येऊन मला लाथ मारावी, माझ्यावर घण घालावा. कोणी काही केलं नाही. सगळे नशिबाला बोल लावून चहा पिऊन गेले.

एका दुपारी म्हाळसाने आबांना एकच प्रश्न विचारला. "आबा, त्या साखळ्या कशापायी काढल्या व्हत्या?"

आबा उठले आणि म्हशींना पाणी दाखवायला गेले. म्हशींना तासाभरापूर्वीच पाणी दाखवलं होतं.

तिने पुन्हा विचारलं नाही. पण ती थांबली होती, हे मला कळत होतं. डोळा गेल्याचं दुःख तिने गिळलं असतं. मात्र तो कोणाच्याच चुकीने गेला नाही, पिकला आंबा गळून पडावा तसा गेला, हे तिला गिळता येत नव्हतं. तिला त्या घरातून एक वाक्य हवं होतं आणि ते कोणी देत नव्हतं. आबांनी मात्र त्या दिवसापासून मिशीला पीळ देणं सोडलं. तिच्या पानात लोण्याचा गोळा मोठा पडावा म्हणून ते धडपडायचे, बाजारातून तिच्यासाठी पेरू आणायचे. सगळं करायचे, ते एक सोडून.

लिंबाखाली मी दोन वर्षं उभा होतो. माझ्या पोटाखाली कोंबडीने अंडी घातली. त्याच सावलीत म्हाळसा शिवण घेऊन बसायची. एका डोळ्याने सुईत दोरा ओवणं सोपं नसतं, मित्रांनो. तुम्ही घरी एक डोळा झाकून करून बघा. दोरा सुईच्या अलीकडे आहे की पलीकडे, तेच उमगत नाही. एकदा मी मोजत होतो. अकरा वेळा दोरा चुकला. बाराव्या वेळेस ओवला गेला तेव्हा तिने डोळा पुसला आणि ती शिवायला लागली. मला भावजी म्हणणं तिने सोडलं होतं. ती माझ्याकडे बघतच नसे, आणि ते बरोबरच होतं.

२००४ च्या दिवाळीनंतर आबांनी मला विकायचं ठरवलं. सत्यजीत आला, त्याने गंज घासला आणि मला हिरवा रंग दिला. दोन वर्षांचा गंज एका सकाळीत झाकला गेला. मी आरशात पाहिलं नाही, पण कोंबडी मला ओळखेना एवढा मी नवा दिसत होतो. साखळ्यांचा विषय ना सत्यजीतने काढला ना आबांनी. जिथे पडदा होता तिथल्या भोकांवरूनही रंग फिरला.

मग एके दिवशी दुपारी तुमच्या मोठ्या बाई आल्या. हो, साधनाताईच. शिरूरहून एवढ्या लांब, सत्यजीतच्या ओळखीने. शाळेच्या मैदानावर पावसाळ्यात कमरेएवढं गवत माजतं, त्यात साप निघतात, मुलांना खेळता येत नाही, म्हणून त्यांना गवत कापायचं यंत्र हवं होतं. अंगणात बाजेवर बसल्या बसल्या त्यांनी सगळं विचारून घेतलं. किती डिझेल खातं, पाती कुठे मिळतात, कोण दुरुस्त करतं.

"आणि आबा, मैदानावर चारशे मुलं असतात," त्या शेवटी म्हणाल्या. "यात धोक्याचं काही नाही ना? याच्यामुळे कोणाला कधी लागलंबिगलं?"

"न्हाई, न्हाई," आबा म्हणाले. "काय खोट न्हाई. गरीब मशीन हाय."

मित्रांनो, तो क्षण मला आठवला की अजून माझे खिळे ढिले होतात. चारशे मुलं! मी तुम्हाला तेव्हा पाहिलंही नव्हतं, पण चारशे गुणिले दोन एवढे डोळे मला दिसू लागले. माझी मागची बाजू उघडी होती आणि मी गुळगुळीत हिरव्या रंगात सज्जनासारखा उभा होतो. ओरडायची सोय असती तर ओरडलो असतो. शंभू भिंतीला टेकून खाली बघत होता. साधनाताईंनी बरं म्हणून पिशवी उघडली.

तेवढ्यात म्हाळसा चहा घेऊन आली. डाव्या बाजूचा पदर तिने पुढे ओढला होता. कप पुढे करताना पदर सरकला. साधनाताईंनी पाहिलं.

"अगं, डोळ्याला काय झालं?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

म्हाळसाने आधी माझ्याकडे पाहिलं, दोन वर्षांत पहिल्यांदा. मग ती म्हणाली, "आबा सांगतील."

एवढंच. आवाज चढवला नाही, की रडली नाही. कपबशी हातात घेऊन तशीच उभी राहिली. एक म्हैस दाव्याला हिसका देत होती. मला वाटलं, आबा आता उठतील आणि म्हशीकडे जातील.

आबांनी डोक्यावरचं पागोटं काढलं आणि मांडीवर ठेवलं.

"मी मघाशी खोटं बोललो, ताई," ते म्हणाले. "हिचा डोळा ह्या मशीननं गेला. मशीनला तरी काय बोलायचं. मागं साखळ्या व्हत्या दगड आडवायला. त्या मी काढायला लावल्या. काढू नका म्हणून मला सांगितलं व्हतं, तरी काढल्या. आन् आयच्या चुलीचं दगड शंभू हालवू म्हणत व्हता, ते बी मीच हालवू दिलं न्हाई." मग ते म्हाळसाकडे वळले. "पोरी, नशीब-बिशीब काय न्हाई. माझ्या चुकीनं गेला तुझा डोळा."

म्हाळसाने कपबशी खाली ठेवली. "दोन वर्सं झाली, आबा," ती म्हणाली. "दोन वर्सं ह्येच ऐकायला थांबले व्हते. डोळा काय माघारी येत न्हाई. पर आता मला झोप तरी लागंल."

ती आत गेली. शंभू तिच्यामागे गेला. आबा पागोट्यात तोंड घालून रडले, लहान मुलासारखे, पाहुण्यांसमोर.

रडून झाल्यावर ते म्हणाले, "ताई, तुम्ही जावा. ही मशीन मी देत न्हाई. तुमच्या पोरांत न्हाई द्यायची ती."

साधनाताईंनी उठून माझी उघडी मागची बाजू पाहिली. "दुसरीकडे गेले तर तिथेही मला खोट नाही म्हणूनच सांगतील," त्या म्हणाल्या. "याची खोट मला आता ठाऊक आहे. ती आधी दुरुस्त करा. मग मी नेते."

दुसऱ्या दिवशी आबांनी आईच्या चुलीचे उरलेले दगड आपल्या हातांनी उचलून अंगणात आणले. मला दौंडला नेलं, आणि सत्यजीतने दिवसभर मान वर न करता काम केलं. नव्या साखळ्या, आणि त्यांच्यामागे जाड रबराचा आणखी एक पडदा. आबा शेजारी बसून प्रत्येक साखळी ओढून बघत होते. मजुरी घ्यायची वेळ आली तेव्हा सत्यजीत म्हणाला, "काढू का म्हणून मीच विचारलं व्हतं, आबा. आज ऱ्हाऊ द्या." म्हाळसा त्या दिवशी वरवंडला वर्गाला गेली होती. मी शिरूरला निघालो तेव्हाही ती घरी नव्हती. ती मला पुन्हा दिसली नाही.

तेव्हापासून मी तुमच्याकडे आहे. आता तुमच्याकडे माझं मागणं एवढंच, की मी मैदानावर चालत असताना व्हरांड्यातून खाली उतरू नका, चेंडू कितीही जवळ पडलेला असो. कोणतंही यंत्र हाती आलं तर त्याला बनवणाऱ्याने जे झाकण लावलं आहे, ते अडचण होते म्हणून काढू नका. जुनं यंत्र विकायची वेळ आली तर त्याच्यावर रंग जरूर द्या, पण त्याच्या हातून काय झालं तेही घेणाऱ्याला सांगा.

आणि तुमच्या हातून कोणाला लागलं, मग ते चुकून का असेना, तर नशिबाचं नाव घेऊन बाजूला होऊ नका. त्याच्यासमोर जाऊन उभे राहा आणि माझ्यामुळे लागलं असं म्हणा. त्याच दिवशी म्हणा. आबांना दोन वर्षं लागली, पण शेवटी त्यांनी म्हटलं. मी अजून म्हटलेलं नाही, आणि आता म्हाळसा माझ्यासमोर येणार नाही.